वाचकांचे प्रश्न : सांभाळ कसा आहे, हे कशावरून ओळखावे?

वृद्धाश्रम, निवासी संगोपनगृहे आणि घरी येऊन रुग्ण सांभाळणाऱ्या बायका यांच्याविषयीची पत्रे विदर्भातल्या गावांमधून अलीकडे इतकी येत आहेत, की या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत; पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे गाळली आहेत. पैसे दिले, जागा पाहिली, माणसे चांगली वाटली, आता आणखी काय पाहायचे, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. जागेवरून आणि व्यवस्थापकाच्या बोलण्यावरून सांभाळाविषयी फार थोडे कळते. तो कळतो सांभाळल्या जाणाऱ्या माणसाच्या अंगावरून, रात्रीच्या व्यवस्थेवरून आणि लिहून ठेवलेल्या नोंदींवरून. पुढची उत्तरे याच समजुतीने दिली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. आई गेल्यावर गावातल्या घरी त्यांना एकट्याने राहणे जमेना, म्हणून मी त्यांना तालुक्याच्या गावाजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवले. मी पुण्याला नोकरी करतो आणि दोन-तीन महिन्यांनी येतो. येतो तेव्हा आश्रम झाडून-पुसून लख्ख असतो, बाबांचे कपडे धुतलेले असतात, व्यवस्थापक आदबीने बोलतात. तरी बाबा दर वेळी म्हणतात, "मले इथं गमत नाही, घरी घेऊन चाल." त्यांना खरेच काही त्रास आहे, की ही केवळ घराची ओढ आहे, हे कसे कळावे?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, म्हणून त्या वेगवेगळ्या तपासाव्यात. आधी त्रासाचे पाहू.

निघण्यापूर्वी तुम्ही आश्रमात फोन करता की नाही, हे पत्रात नाही. पण बहुतेक मुले करतात आणि बहुतेक आश्रम त्या फोननंतरच लख्ख होतात. पुढच्या खेपेला न कळवता जा, आणि तेही सकाळी अकराला नव्हे, तर दुपारच्या जेवणानंतर किंवा दिवेलागणीनंतर. तुमच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात भाऊबंद, बाबांचा जुना मित्र, बाजाराच्या दिवशी तालुक्याला येणारा शेजारी, यांपैकी कोणीतरी डोकावेल अशी सोय करा. ज्याच्याकडे माणसे येत-जात असतात त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष अधिक राहते. हे योग्य नसले तरी सगळीकडे असेच चालते.

तिथे गेल्यावर "बरे आहे ना?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला आपल्याकडची म्हातारी माणसे "बरंच हाय" याखेरीज दुसरे उत्तर देत नाहीत, आणि व्यवस्थापक शेजारी उभे असतील तर मुळीच देणार नाहीत. बाबांना बाहेर कडुनिंबाखाली किंवा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर घेऊन जा आणि अगदी बारीक गोष्टी विचारा : काल संध्याकाळी काय जेवलात, किती वाजता जेवलात, अंघोळीला पाणी गरम होते का, अंघोळ कोण घालते, रात्री लघवीला उठलात तर कोणाला हाक मारता आणि तो येतो का.

जेवणाच्या वेळेचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण माझ्या मते सगळ्यांत आधी तोच विचारावा. स्वयंपाकीणबाईंना गावाकडची शेवटची गाडी गाठायची असते, म्हणून कित्येक ठिकाणी रात्रीचे जेवण संध्याकाळी साडेपाचला उरकतात आणि सकाळचा नाश्ता नऊपर्यंत येत नाही. मधले पंधरा-साडेपंधरा तास म्हाताऱ्या माणसाच्या पोटात काही नसते. त्याला मधुमेह असेल आणि तो साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर पहाटे साखर उतरून घाम, थरथर, बडबड आणि बेशुद्धीही येऊ शकते, आणि त्या वेळी जागे कोणीच नसते. संध्याकाळी जेवण लवकर होत असेल तर झोपण्यापूर्वी कपभर दूध आणि दोन-चार बिस्किटे मिळतात का, एवढे विचारले तरी आश्रमाची काळजी कोणत्या दर्जाची आहे याचा अंदाज येतो. मधुमेह असल्यास काय आणि किती द्यायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

यानंतर बाबांकडे नीट पाहा. पायाची नखे वाढून वळली आहेत का, टाचा फुटल्या किंवा लाल झाल्या आहेत का, जीभ कोरडी आहे का, दातांची कवळी धुतलेली आहे का, मागच्या खेपेला अंगासरशी बसणारी बंडी आता लोंबते का. धुतलेले कपडे पाच मिनिटांत अंगावर चढवता येतात. नखे, टाचा आणि वजन मात्र पाच मिनिटांत सुधारत नाही. दर महिन्याचे वजन वहीत लिहायला सांगा. गादीवरची चादर उचलून गादीचा वास घ्या, त्यात संकोच करू नका. दिवसा ते सारखे पेंगत असतील तर कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि त्या कोणत्या डॉक्टरांनी, कधी लिहून दिल्या, ती चिठ्ठी मागा. माणसे कमी असलेल्या ठिकाणी झोपेच्या गोळ्या कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी दिल्या जातात, आणि त्यांच्या गुंगीत माणूस न्हाणीघरात पडतो, ज्याचा शेवट मांडीचे हाड मोडण्यात होतो.

विदर्भाच्या उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, शिवाय रात्री उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे मुद्दाम पाणी कमी पितात. तेव्हा कूलर कार्यालयात आहे की झोपण्याच्या खोलीत, वीज गेल्यावर काय करतात आणि पाण्याचा तांब्या पलंगावरून हात पोचेल इतक्या अंतरावर आहे की दाराजवळच्या माठावर, हे एप्रिलमध्येच पाहून घ्या. चांगला बोलता-चालता माणूस एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागला, तर "म्हातारचळ लागला" म्हणून सोडून देऊ नये; शरीरातले पाणी कमी होणे, लघवीतला जंतुसंसर्ग किंवा बरेच दिवसांची बद्धकोष्ठता यांमुळेही तसे होते आणि उपचाराने ते बरे होते.

व्यवस्थापकांना एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळेल : रात्री दोन वाजता माझ्या वडिलांना उठायचे असेल तर कोण जागे असते? "सगळे असतात" हे उत्तर धरू नका. नाव, झोपण्याची जागा आणि त्या माणसाच्या वाट्याला किती जण, हे विचारा. पडझडीची नोंदवही दाखवायला सांगा. वर्षभरात एकही माणूस पडला नाही असे वहीवरून दिसत असेल, तर बहुधा नोंद ठेवली जात नाही असे समजावे.

हे सगळे ठीक निघाले आणि तरीही बाबा घरी चला म्हणत असतील, तर त्यांना तिथे करमत का नाही, हे पाहावे लागेल. ज्याने साठ वर्षे पहाटे चारला उठून वावराची वाट धरली, त्याला सकाळी सातपर्यंत अंथरुणात पडून राहायला आणि मग दिवसभर टीव्हीसमोर बसायला सांगितले, तर तो आजारी पडणारच. आपल्या भागात संस्थेत राहून जगण्याची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन ही दोन्ही ठिकाणे कुष्ठरुग्णांसाठी उभी राहिली, आणि दोन्ही ठिकाणी राहणाऱ्याच्या हाताला काम देण्यावर भर होता. आश्रमाच्या परसातल्या भाजीला पाणी घालणे, तूर निवडणे असे काही काम बाबांना त्यांच्या इच्छेने करता येईल का, हे विचारा. पोळ्याला आणि कापूस घरी येतो तेव्हा त्यांना चार दिवस गावी न्या. आणि एवढे करूनही त्यांचा निर्धार कायम राहिला, तर घरीच मदतनीस ठेवून राहता येईल का, याचा विचार त्यांना सोबत घेऊन करा, कारण कुठे राहायचे हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.

काही गैर आढळले तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर कळवता येते आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी तक्रार देता येते. खासगी वृद्धाश्रम आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी सक्तीची करून त्यांना किमान दर्जा ठरवून देण्याची तरतूद असलेले, ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. ते मंजूर न होताच सभागृहाची मुदत संपली. त्यामुळे तूर्त तरी तपासणी करणारे पहिले माणूस तुम्हीच आहात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे अकोल्याच्या एका ब्युरोमार्फत दिवसाची बाई ठेवली. महिन्याला १८ हजार रुपये देतो. आतापर्यंत तीन बाया बदलल्या. आता सासूबाईंना कंबरेखाली जखम झाली आहे. ब्युरोवाले म्हणतात, पडून राहणाऱ्या माणसाला हे होतेच. खरेच हे टाळता येत नाही का? आणि चूक कोणाची?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : बहुतांश वेळा टाळता येते, आणि आधी जखमेकडे पाहू. चूक कोणाची, ते नंतर.

ही शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम दिसते. ती आजच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा; जखम काळी पडली असेल, तिला वास येत असेल, आत पोकळी जाणवत असेल किंवा ताप असेल तर थेट ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात न्या. तोवर तिच्यावर हळद, राख किंवा घरातले कोणतेही मलम भरू नका. जखमेवर भार येणार नाही अशा कुशीवर त्यांना ठेवा.

शरीराचा भार एकाच जागी बराच वेळ राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि मांस मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती आणि कोपरे या जागा त्यासाठी ठरलेल्याच आहेत. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, दिवसाही आणि रात्रीही. कूस बदलताना रुग्णाला ओढायचे नसते, कारण चादरीवर घासूनही कातडी सोलते. खाली दुमडलेली चादर घालून, दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचे असते. पूर्ण आडव्या कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी लावून थोडे कलते ठेवले म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटरीखाली उशी ठेवली की टाचा अधांतरी राहतात.

दिवसातून एकदा, अंघोळीच्या किंवा अंग पुसण्याच्या वेळी, या सगळ्या जागा उजेडात पाहाव्यात. लालसर डागावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढुरका होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली असे धरावे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा गडद लागते का, हे हाताने चाचपावे. पूर्वी अशा जागी स्पिरिट लावून चोळण्याची आणि वर पावडर टाकण्याची पद्धत होती; अजूनही पुष्कळ बाया तेच करतात. ते थांबवा. स्पिरिटने कातडी कोरडी पडते आणि चोळल्याने आतले दुखावलेले मांस अधिक दुखावते. मधोमध भोक असलेली रबरी रिंगही वापरू नये, कारण तिच्या कडेवर दाब येतो. हवेची गादी मिळाली तर उपयोग होतो, पण ती आणली म्हणून कूस बदलणे सुटत नाही. लघवीने ओली झालेली चादर लगेच बदलावी, आणि डाळ, अंडी, दूध असा प्रथिनांचा आहार डॉक्टरांना विचारून वाढवावा.

आता चूक कोणाची. तुमची बाई दिवसाची आहे. रात्रीचे दहा-बारा तास सासूबाईंची कूस कोण बदलते, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. पण रात्र कोणाच्याच नावावर नसेल तर दिवसा कितीही चांगली बाई ठेवली तरी जखम भरणार नाही. घरातली माणसे, मग त्यात सासूबाईंचे मुलगेही आले, पाळ्या लावून घेणार आहेत का, हे आधी ठरवा. अशा घरांत रात्रीची पाळी सुनेकडे आपोआप येते आणि मुलगा "मला जमत नाही" म्हणून सुटतो, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची वेगळी आठवण करून द्यावीशी वाटते.

ब्युरोची जबाबदारी मात्र यामुळे कमी होत नाही. तीन बाया बदलल्या म्हणजे तीनदा सासूबाईंची सवय नव्याने लावावी लागली, आणि प्रत्येक बदलात काहीतरी सांगायचे राहून गेले असणार. अर्धांगवायूच्या रुग्णाला गेलेल्या हाताला धरून ओढू नये, नाहीतर खांदा निसटतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर आडवे ठेवून पाजू नये, बसवून चमच्याने द्यावे आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे. लघवीची नळी असेल तर पिशवी कंबरेच्या खालच्या पातळीवर टांगावी, पण जमिनीवर टेकू देऊ नये. या गोष्टी येणाऱ्या बाईला माहीत आहेत का, हे पहिल्याच दिवशी विचारून आणि करायला लावून पाहावे. ब्युरो तिला "सिस्टर" म्हणून पाठवत असेल तर तिच्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी आहे का, ते पाहा. नसेल तर ती मदतनीस आहे. मदतनीस असणे कमी दर्जाचे मुळीच नाही, पण इंजेक्शन देणे किंवा नळी बदलणे हे तिचे काम नव्हे, आणि त्याचे पैसेही ब्युरोने घेऊ नयेत.

भिंतीवर एक वही टांगा. तीत वेळ, कूस, खाणे-पाणी, लघवी-शौच, औषध आणि जखमेची अवस्था एवढे रकाने पुरेत. रात्री घरच्यांनीही त्याच वहीत लिहावे. ब्युरोशी लेखी करार करा : कामाचे तास, कामांची यादी, सुट्टीच्या दिवशी बदली बाई कोण देणार, बाई बदलताना जुनी आणि नवी अशा दोघी निदान एक दिवस एकत्र असतील की नाही, पैसे परत कधी. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने तिच्यातल्या त्रुटीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते, तेव्हा ब्युरो अकोल्याचा असला तरी तुम्हाला बुलडाणा पुरते; आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ मध्ये, असहाय व्यक्तीची सेवा करण्याचा कायदेशीर करार करून ती जाणूनबुजून टाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याची वेळ सहसा येऊ नये, पण करार करताना हे कलम दोन्ही बाजूंना माहीत असलेले बरे.

प्रश्न : माझ्या आत्याला मूलबाळ नाही. तिच्या नावावर धानाची तीन एकर शेती आहे. एका निवासगृहाने सांगितले, की शेती संस्थेच्या नावाने बक्षीसपत्र करून दिली तर मरेपर्यंत सांभाळू, महिन्याचा खर्च घेणार नाही. व्यवहार बरा वाटतो. करावा का?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : करू नये. जमीन हातातून गेल्यावर सांभाळ चांगला होतो की नाही, हे विचारण्याची आत्यांची ताकदच संपते. महिन्याचा खर्च देणारा माणूस पुढच्या महिन्यात दुसरीकडे जाऊ शकतो. बक्षीसपत्र करून दिलेला जाऊ शकत नाही.

कायद्याचा आधार नाही असे नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. पण डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट होती हे दाखवावे लागेल असे म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने अधिक उदारपणे लावला, तरी त्या प्रकरणात सांभाळण्याचे लेखी वचन होते. ७०-७५ वर्षांच्या बाईने उपविभागीय अधिकाऱ्यांसमोर हे सगळे शाबीत करत बसायचे, त्यापेक्षा जमीन स्वतःच्या नावावर ठेवून ती ठेक्याने किंवा बटईने द्यावी आणि त्या उत्पन्नातून दरमहा खर्च भागवावा. संस्थेला मागे काही द्यावे अशी आत्यांची खरोखर इच्छा असेल तर मृत्युपत्र करावे; ते हयातीत केव्हाही बदलता येते.

निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्यांच्याकडे आहे किंवा पुढे ज्यांना मिळणार आहे, त्या नातेवाइकांवर त्याच्या निर्वाहाची जबाबदारी हाच कायदा टाकतो. तुम्ही त्यांत येत असाल तर निवासगृहाच्या शोधात राहण्याआधी हेही लक्षात घ्या. उत्पन्न तुटपुंजे असेल तर श्रावणबाळ योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे. आई-वडील गेल्यावर तिला मनोरुग्णांसाठीच्या एका निवासगृहात ठेवले. भेटायला गेलो तर तिचे केस बारीक कापलेले होते आणि मनगटावर वळ होते. विचारले तर म्हणाले, "उवा झाल्या होत्या, आणि रात्री फिरते म्हणून बांधावं लागते, माणसं कमी आहेत." तक्रार केली तर तिला काढून टाकतील, ही भीती आहे.
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : त्यांनी दिलेली दोन्ही उत्तरे कायद्याला मान्य नाहीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचे सक्तीने केस कापता येत नाहीत, तिला तिची स्वतःची वस्त्रे घालता येतात, तिच्याकडून जबरदस्तीने काम करून घेता येत नाही, आणि स्त्रियांना पाळीच्या काळात लागणारे साहित्य मिळालेच पाहिजे. हे सगळे कलम २० मध्ये आहे. साखळदंड कोणत्याही स्वरूपात बांधण्यास कलम ९५ ने बंदी आहे. इतर प्रकारे आवरून ठेवणे, म्हणजे दोरी, ओढणी किंवा पट्ट्याने बांधणे, हे तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या आदेशाने, गरजेपुरता वेळ आणि लेखी नोंद ठेवूनच करता येते. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही, असे कलम ९७ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे व्यवस्थापकांनी जी सबब सांगितली तीच कायद्याने आधी नाकारलेली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण पळू न शकल्याने मेले. बांधण्याविषयी कायदा इतका कडक का, हे त्यावरून समजावे.

मनगटाचे फोटो तारखेसह घ्या. बांधण्याची नोंदवही आणि तज्ज्ञाचा आदेश लेखी मागा. आधी संस्थेच्या वैद्यकीय प्रमुखांकडे तक्रार करा, समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करावा. संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हेही तिथूनच विचारून घेता येईल. बहिणीची औषधे कोणती चालू आहेत आणि शेवटची तपासणी कधी झाली, याची प्रत तुमच्याकडे हवी, म्हणजे तिला काढून टाकण्याची धमकी आली तरी उपचार खंडित होणार नाहीत. १४४१६ या टेलि-मानस म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठीतही सल्ला मिळतो.

काढून टाकले तर जायचे कुठे, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याला कागदावर उत्तर आहे. याच कायद्याच्या कलम १८ ने सरकारवर अर्धवाट निवास (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या टप्प्यातले निवासगृह) आणि आधारासह निवास (मदतीने राहता येईल असे घर) यांची सोय करण्याचे बंधन घातले आहे. घरच्यांनी स्वीकारले नाही एवढ्यावरून कोणाला मानसिक आरोग्य संस्थेत ठेवून घेता येणार नाही, असे कलम १९ सांगते. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या ठिकाणीही अशी घरे विरळाच. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांना वाढवणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, वर्षानुवर्षे हेच विचारत आले आहेत, की अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून या मुलांनी जायचे कुठे? तुमच्या बहिणीच्या बाबतीत गावातच, तुमच्या घराशेजारी एक खोली, औषधांवर देखरेख आणि दिवसा सोबत, अशी व्यवस्था जमते का, हे तिच्या डॉक्टरांशी बोलून पाहा. आजार आटोक्यात असलेल्या अनेकांना एवढा आधार पुरतो.

प्रश्न : मी नागपूरला एका घरी आजोबांना सांभाळते, चोवीस तासांवर. रात्री दर दोन तासांनी त्यांना वळवावे लागते, आणि दिवसा स्वयंपाक-भांडी पण माझ्याच अंगावर. झोपायला त्यांच्या खोलीत खाली सतरंजी. डोळा लागला तर घरचे म्हणतात, "पैसे कायचे घेते मंग?" ब्युरो पगारातून कापते, किती ते सांगत नाही. चूक माझी आहे का? (पत्र मुलीने लिहून दिले आहे.)
— एक वाचक, ता. अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : नाही. चोवीस तास जागा राहणारा माणूस नसतो, आणि तो कोणी मागूही नये. वरच्या मेहकरच्या पत्राला दिलेले उत्तर तुमच्या घरमालकांनीही वाचावे, कारण दर दोन तासांनी कूस बदलण्याचे काम रात्रंदिवस एकाच बाईकडून करून घेतले तर ते तिसऱ्या-चौथ्या रात्री चुकणारच, आणि त्याची जखम आजोबांच्या अंगावर उठेल.

रात्रीसाठी दुसरी बाई ठेवावी किंवा घरच्यांनी पाळी घ्यावी, यांपैकी एक सांगा. स्वयंपाक आणि भांडी ही कामे आजोबांपुरती असतील तर ठीक. सगळ्या घराची असतील तर ते दुसरे काम आहे आणि त्याची मजुरी वेगळी हवी. सलग सहा तासांची झोप, झोपायला पलंग आणि महिन्यातून निदान चार सुट्ट्या मागा. आजोबांना एकट्याने उचलू नका. तुमची कंबर एकदा गेली की ब्युरो विचारायला येणार नाही. इंजेक्शन द्यायला किंवा नळी घालायला सांगितले तर स्पष्ट नाही म्हणा, कारण काही बिघडले तर बोट तुमच्याकडे दाखवले जाईल.

हे फोनवर न बोलता ब्युरोच्या माणसाला त्या घरी बोलावून सगळ्यांसमोर बोला, आणि घरचे किती देतात हे तिथेच विचारा. मुलीकडून एका वहीत पगाराची तारीख, हातात आलेली रक्कम, कापलेली रक्कम आणि घेतलेल्या सुट्ट्या लिहवून ठेवा. ब्युरो हिशेब देत नसेल तर ती वही घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जाता येईल.